साडेतीनशे आणि सदतीस

इंद्रजीत हिंगण्यांनी लेकीच्या कॉलेजांची यादी नर्सरीच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर केली आणि पहिल्याच ओळीत पुण्यातलं एक डेंटल कॉलेज लिहिलं.

"एक नंबरला हे," ते म्हणाले. "हे आपल्याला शंभर टक्के मिळतंय. मग खाली बाकीची एमबीबीएसवाली. मिळालं तर मिळालं."

"पण आण्णा, एमबीबीएस वर नको का?"

"तनू, पहिल्याच फटक्याला मोठं मागितलं की समोरचा उठून जातो. पुढचं ऐकूनच घेत न्हाई. आधी वाजवी बोलायचं, मग हळूच पुढं सरकायचं."

हे ज्ञान बावीस वर्षांच्या धंद्यातून आलेलं होतं. मांजरीला, सोलापूर रस्त्यापासून जरा आत, त्यांची नर्सरी होती. जास्वंद, मोगरा, शेवग्याची रोपं, आणि हिंजवडीच्या फ्लॅटमधून येणाऱ्या लोकांसाठी पाणी घातलं नाही तरी जगणाऱ्या झाडांची एक वेगळी रांग. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच ते काय नेणार आणि किती देणार हे इंद्रजीतना कळायचं. यादीतही त्यांनी तोच हिशेब लावला होता.

तनुजाने पुढे वाद घातला नाही. जूनमध्ये नीटचा निकाल लागल्यापासून वाद घालायचा आपला हक्क संपला, असं तिला वाटत होतं. बायोलॉजीत तीनशे साठपैकी साडेतीनशे. केमिस्ट्रीत एकशे ऐंशीपैकी एकशे एकोणीस. फिजिक्समध्ये एकशे ऐंशीपैकी सदतीस. बेरीज पाचशे सहा, म्हणजे सरकारी कॉलेजाच्या अगदी काठावर. त्यात गुणपत्रिकेवर फिजिक्स सगळ्यात वर छापलेलं असतं, त्यामुळे बघणाऱ्याची नजर आधी सदतीसवर आपटायची आणि साडेतीनशेपर्यंत पोचेतो चेहरा बदललेला असायचा. मामांनी तर दोन्ही आकडे पाहून विचारलं होतं, "ही एकाच पोरीची हाय का गुणपत्रिका?"

हा तिचा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वर्षी फिजिक्समध्ये एकोणतीस होते. म्हणजे एक अख्खं वर्ष घरी बसून, रोज चार तास नुसतं फिजिक्स करून, तिने आठ गुण कमावले होते. तिसऱ्यांदा बसायचं नाही, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पण मनाशी पक्कं केलं होतं. या वेळी एमबीबीएस मिळालं नाही, तर मिळालं नाही.

पसंतीक्रम भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. तनुजाने यादीचा फोटो काढला, आणि तेवढ्यात जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर श्यामला मॅडमचा संदेश आला.

'पसंतीक्रम भरताना ज्यांना चूक करायची नसेल, त्यांनी आज दोन ते पाच या वेळेत माझ्याकडे यावे. ज्यांना चूक करायचीच असेल, त्यांनी चुलतभावाला विचारावे.'

श्यामला मॅडमनी तनुजाला अकरावी-बारावीत फिजिक्स शिकवलं होतं. पुढे घरी बसलेल्या वर्षात दर रविवारी शंका सोडवायला बोलावलं होतं, एक पैसा न घेता. निकालानंतर तनुजाने त्यांना फोन केला नव्हता. त्यांचे दोन फोन उचललेही नव्हते.

तिने संदेश वडिलांना दाखवला.

"आपल्याकडं चुलतभाऊ न्हाई," इंद्रजीत म्हणाले. "बाप हाय."

"तरी एकदा विचारून येऊ ना आण्णा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने काहीतरी मागितलं होतं. "एरंडवण्याच्या सोसायटीला कुंड्या टाकायच्याच हाएत," ते म्हणाले. "बस टेम्पोत."

मॅडमचा फ्लॅट नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती. दार मॅडमनीच उघडलं. तनुजाने वाटेत, हडपसरच्या गर्दीत अडकलेली असताना, तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"फोन बिघडलाय का तुझा?" मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. मला... सदतीस आले."

"माहीत आहे. निकाल बघता येतो मला. तीन वर्षं शिकवलं, सदतीस आले. म्हणजे वर्षाला बारा आणि वर एक तृतीयांश. आत ये. चपला बाहेर. आपण वडील का? या, बसा."

इंद्रजीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, कोऱ्या कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्या आणि एका डब्यात भाजलेले शेंगदाणे होते. मॅडमनी समोर हात केला. तनुजाने पावतीपुस्तक पुढे सरकवलं. मॅडमनी चष्मा वर केला, पहिली ओळ वाचली आणि पुस्तक खाली ठेवलं.

"हिला दातांची डॉक्टर व्हायचंय?"

"न्हाई, तसं न्हाई," इंद्रजीत म्हणाले. "पण तेवढं मिळण्यासारखं हाय. म्हणून वर टाकलं."

"आणि न मिळण्यासारखं वर टाकलं तर काय होईल?"

"नंबर वाया जाणार की. पहिल्या नंबरला न्हाई म्हनले, की दुसऱ्या नंबरवाला म्हनणार, ह्याला आम्ही दुसरे होय?"

मॅडमनी उठून स्वयंपाकघरातून तीन वाट्या आणल्या.

"कॉम्प्युटरला अपमान वाटत नाही, साहेब. हीच त्याच्याशी वागायची एक सोय आहे. ही वाटी पुण्यातलं एमबीबीएस." तिच्यात त्यांनी एक शेंगदाणा टाकला. "ही लांबचं एमबीबीएस, दोन. आणि हे तुमचं डेंटल, तीन. मी कॉम्प्युटर. माझ्याकडे मुलांची रांग आहे, गुणांप्रमाणे. पहिला मुलगा आला. त्याच्या यादीत वर पुणे. घे." त्यांनी पहिल्या वाटीतला दाणा काढून बाजूला ठेवला. "आता हिचा नंबर. तुमची यादी. पहिली ओळ?"

"डेंटल."

"वाटीत दाणा आहे?"

"हाय."

मॅडमनी तिसऱ्या वाटीतला दाणा तनुजाच्या हातावर ठेवला आणि पावतीपुस्तक पालथं घातलं. "संपलं. पुढचा मुलगा."

"आं? पण त्या मधल्या वाटीत अजून दोन हाएत की!"

"आहेत. पण मला काय माहीत, हिला ते जास्त आवडतं? तुम्हीच लिहून दिलंत की डेंटल जास्त आवडतं. मिळालं की मी यादी मिटते. खाली वाचतच नाही."

इंद्रजीतनी मधल्या वाटीकडे बघत हात पुढे केला आणि विचारांच्या नादात एक दाणा तोंडात टाकला.

"अहो, सीट खाऊ नका."

"चुकलं मॅडम." त्यांनी घाईघाईने डब्यातून दुसरा दाणा काढून वाटीत ठेवला. तनुजाला हसू आलं आणि आपण हसलो याचं तिला नवल वाटलं.

"आता उलट. वर पुणे. वाटी रिकामी. मी रागावले? नाही. हिचा नंबर घसरला? तोही नाही. मी फक्त पुढच्या ओळीवर आले. लांबचं एमबीबीएस. दाणा आहे. घे. आणि समजा तीही वाटी रिकामी असती, तर मी तिसऱ्या ओळीवर आले असते. डेंटल तिथेच असतं. म्हणजे वर काहीही मागितलं तरी खालचं जात नाही. कळतंय?"

इंद्रजीतनी स्वतःच हाताने वाट्या फिरवून पाहिल्या. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "म्हणजे भाव सांगायचा न्हाई. आपल्याला काय पायजे ते सांगायचं."

"खरं सांगायचं, क्रमाने. इतकंच. लोकांना तेवढंच जमत नाही." मॅडम तनुजाकडे वळल्या. "तुझे फिजिक्सचे किती बरोबर आले?"

तनुजाने हातातला दाणा टेबलावर ठेवला. "बारा. अकरा चुकले. बावीस कोरे."

"ते अकरा येत होते म्हणून सोडवलेस?"

"नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली होती. बायो आधी केलं, मग केमिस्ट्री. फिजिक्सला आले तर पहिले तीन प्रश्न वाचूनच हात थांबला. शेवटी वाटलं, निदान काहीतरी लावू. मग गोळे रंगवत गेले."

"कोरे सोडले असतेस तर अठ्ठेचाळीस झाले असते. बेरीज पाचशे सतरा." मॅडमच्या आवाजात राग नव्हता, एखादं गणित फळ्यावर करून दाखवावं तसा तो होता. "जिथे चुकलं की गुण कापतात, तिथे अकरा वेळा धाडस केलंस. आणि इथे, जिथे वरचं मागितल्याबद्दल कोणी काही कापत नाही, तिथे वडिलांच्या पावतीपुस्तकामागे लपून बसलीस. धाडस चुकीच्या पेपरात वापरलंस, तनुजा."

दोन महिने सगळ्यांनी तिला समजावलं होतं, काहींनी चुकचुकत, काहींनी पाठीवर हात ठेवून. नेमकं काय चुकलं हे असं मोजून कोणीच सांगितलं नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण उलट मोकळं वाटलं. अकरा प्रश्न म्हणजे अकरा प्रश्न. ते तिच्या अख्ख्या डोक्याचं माप नव्हतं.

"पण मॅडम," इंद्रजीत म्हणाले, "हे सदतीस बघून कॉलेजवाले न्हाई म्हनले तर? म्हणजे एका बाजूला साडेतीनशे आन् एका बाजूला हे. बैलगाडीचं एक चाक मोठं, एक बारकं."

"कॉलेज विचारतच नाही. बेरजेवर रांग लागते. आणि बेरीज सारखी असेल तर आधी काय बघतात, माहीत आहे?" त्यांनी लॅपटॉप वळवला. राज्याची गुणवत्ता यादी उघडली होती. पाचशे सहा गुणांचे सत्त्याहत्तर जण एकाखाली एक होते. मॅडमनी बोट ठेवलं. त्या सत्त्याहत्तरांत तनुजाचं नाव दुसरं होतं.

"बायोलॉजी," मॅडम म्हणाल्या. "आधी बायोलॉजीचे गुण बघतात. ज्यांची तिन्ही चाकं सारखी आहेत ते सगळे या ढिगात तुझ्या मागे आहेत. पंचाहत्तर जण."

तनुजाने ती यादी आधी पाहिली होती. तेव्हा तिने फक्त आपला क्रमांक पाहून पान बंद केलं होतं. वर-खाली कोण आहे हे बघायची हिंमत झाली नव्हती. आता तिने मोजलं. खरंच पंचाहत्तर होते.

मॅडमनी चिठ्ठ्या पुढे ढकलल्या. "एकेका चिठ्ठीवर एकेक कॉलेज लिही. यादी करायची नाही. मी दोन चिठ्ठ्या धरीन. दोन्हीकडे जागा आहे असं समज. कुठे जाशील ते सांग. कारण सांगू नकोस, मला ऐकायचं नाही."

हे बराच वेळ चाललं. पुणे की मुंबई. मिरज की सोलापूर. बारामती की सातारा. वरच्या जोड्यांना तनुजा पटापट बोट दाखवत गेली, कारण ती कॉलेजं मिळणार नव्हती आणि न मिळणाऱ्या गोष्टींबद्दल माणूस खरं बोलतो. खालच्या जोड्यांना ती अडू लागली. तेव्हा इंद्रजीत मदतीला आले. त्यांचा महाराष्ट्राचा नकाशा रोपांच्या गाड्यांवर बेतलेला होता.

"परभणीला आपली शेवग्याची रोपं जातात. माणसं चांगली हाएत, पैसं येळेवर देतात."

"साहेब, ती तिथे शिकायला जाणार आहे. वसुलीला नाही."

"न्हाई, सांगितलं आपलं. हिंगोलीला आपलं कोन न्हाई. नंदुरबारला पपई. गाडी जाते आठवड्याला."

"नंदुरबार की हिंगोली?" मॅडमनी विचारलं.

"नंदुरबार," तनुजा म्हणाली.

"पपईमुळे?"

"कारण ऐकायचं नाही म्हणालात तुम्ही."

मॅडमच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. त्यांनी चिठ्ठी जागेवर लावली आणि सगळ्यात शेवटची जोडी उचलली. एका हातात गडचिरोली, एमबीबीएस. दुसऱ्या हातात पुण्यातलं डेंटल, जे मांजरीहून तासाभराच्या अंतरावर होतं.

"गडचिरोली," तनुजा म्हणाली. मॅडमचा हात अजून नीट वर झालाही नव्हता.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. इंद्रजीत टेबलावर पडलेली दाण्यांची सालं बोटाने एका जागी गोळा करत होते.

"मी ते डेंटल वर का टाकलं, सांगू का मॅडम," ते म्हणाले. "भावाचं वगैरे सगळं खरं. पण ही वरसभर त्या एका पुस्तकापुढं बसून होती. दार लोटून. बाहेर आली की डोळे लाल. मी इचारलं की म्हणायची, काय न्हाई, आण्णा. आता यंदा काहीच न्हाई मिळालं तर परत ते वरीस येणार. ते मला बघवणार न्हाई. म्हणून म्हनलं, जे नक्की हाय ते आधी हातात घ्यावं."

तनुजाने मान वर केली. तिला वाटलं होतं, आण्णांना आपल्यावर भरवसा उरला नाही. "आण्णा, मी तिसऱ्यांदा बसणारच नव्हते," ती म्हणाली. "काहीही झालं तरी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलला होतात का?"

"दोघांनी एकमेकांना एकेक वाक्य सांगितलं असतं तर माझे दाणे वाचले असते," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी डेंटलची चिठ्ठी उचलून इंद्रजीतच्या हातात दिली. "ही तुम्ही ठेवा. तुमच्या हाताने, सगळ्यात खाली. वरचं काहीच नाही मिळालं तर ही आहेच. तुमच्या यादीत होती तितकीच नक्की. ते वर्ष परत येत नाही."

इंद्रजीतनी चिठ्ठी गडचिरोलीच्या खाली ठेवली आणि तळव्याने दाबून सरळ केली. रोप लावल्यावर माती दाबतात तशी.

फॉर्म तिथेच भरला. मॅडम चिठ्ठ्या एकेक वाचत गेल्या, तनुजा क्लिक करत गेली, आणि शेवटी इंद्रजीतच्या फोनवर आलेला ओटीपी त्यांनी फुलबाजारात लिलाव पुकारावा तसा मोठ्याने पुकारला. समोरच्या घरातल्या आजोबांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. मॅडमनी त्यांच्या तोंडावर पडदा ओढला.

यादी सहा दिवसांनी, गुरुवारी, सकाळी साडेअकराला लागली. तनुजा नर्सरीत होती. घरी आईसमोर बघायचा धीर नव्हता. फाइल शेकडो पानांची होती आणि शेडनेटखाली रेंज तुटत होती. ती पपईच्या रोपांच्या ट्रेमधून चालत फाटकापर्यंत आली, फोन डोक्यावर धरून उभी राहिली, फाइल उतरल्यावर आपला क्रमांक टाकला. काही सापडलं नाही. मग दिसलं की शेवटचे दोन आकडे उलटे टाकलेत. पुन्हा टाकला.

तिने ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचली. मग स्क्रीनवर बोट ठेवून पुन्हा वाचली, शेजारच्या ओळीतलं तर वाचत नाही ना हे बघायला. मग फोन खिशात टाकला आणि परत काढून तिसऱ्यांदा वाचली.

"आण्णा!"

इंद्रजीत एका बाईंना मोगरा दाखवत होते. कुंडी हातात धरूनच ते आले.

"नंदुरबार," तनुजा म्हणाली. "सरकारी. एमबीबीएस."

"आपलं पपईचं नंदुरबार?"

"हो."

"नक्की?"

"तीनदा वाचलं."

त्यांनी कुंडी खाली ठेवली, मातीचे हात पँटला पुसले आणि फोन घेऊन स्वतः वाचलं, अक्षरावर अक्षर. मग फोन तिच्या हातात दिला आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. मोगऱ्याच्या बाई वाट बघत होत्या. त्यांना त्यांनी ओल्या चेहऱ्यानेच सांगितलं, "घेऊन जावा. आज भाव करत न्हाई मी."

तनुजाने मॅडमना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"नंदुरबार. पाहिलं मी," मॅडम म्हणाल्या. "हजर व्हायची मुदत बघितलीस? मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन संच. फोटो वेगळे."

"हो मॅडम. मॅडम, मला तुम्हाला..."

"ठीक आहे, ठीक आहे. फिजिक्स सुटलं तुझं." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "माझं नाही सुटलं. दोन वाजता अकरावीचा वर्ग आहे. ठेवते. आणि तनुजा, फोन उचलत जा."

आईला सांगून झालं, मामांना सांगून झालं. इंद्रजीतनी नंदुरबारच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन करून पोरीचं सामान सोमवारच्या खेपेला नेता येईल का विचारलं, आणि तो हो म्हणाल्यावर गादी, बादली, टेबलफॅन, कपाट अशी यादी वाढवत नेली, शेवटी ड्रायव्हरनेच विचारलं की रोपं ठेवायची कुठे. तनुजा कोकोपीटच्या गोण्यांवर बसून ते ऐकत होती. अंगावर शेडनेटची हिरवी जाळीदार सावली पडली होती. कपाट नको, वसतिगृहात असतं, असं ती सांगणार होती. पण आधी जरा पाठ टेकावी म्हणून मागे कलली.

दुपारी एक वाजता एक तरुण जोडपं आलं. त्यांना तुळस, कढीपत्ता आणि बाल्कनीत टिकेल असं काहीतरी हवं होतं. मुलीने किंमत विचारली आणि नेहमीसारखी निम्म्यावर आली. इंद्रजीतनी तोंडावर बोट ठेवलं. मग गोण्यांकडे मान केली. तिथे तनुजा एक हात डोक्याखाली घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. पायातली एक चप्पल निसटून खाली पडली होती.

"बरं नाही का तिला?" मुलीने हळूच विचारलं.

"बरी हाय," इंद्रजीत कुजबुजले. "एकदम बरी हाय. दोन वर्सांनी झोपलीय."

मग पुढचा सगळा सौदा, कढीपत्त्यापासून कुंडीच्या बशीपर्यंत, तिघांनी कुजबुजतच केला.